चिपचा नको, अख्ख्या बोर्डाचा आकडा मागा: आवाज ओळखणाऱ्या उपकरणांत पैसे घालणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पुणे, मुंबई आणि बंगळुरू येथील हार्डवेअर स्टार्टअपमध्ये भांडवल घालणारे सर्व गुंतवणूकदार

सप्रेम नमस्कार.

इंटरनेटची गरज नसलेली, उपकरणातल्या उपकरणातच आवाज ओळखणारी आणि सेलवर महिनोन्‌महिने चालणारी यंत्रणा आता तुमच्या बैठकांत पोहोचली आहे, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. या कामाला बरीच वर्षे पैसा मिळत नव्हता. आता बाहेरची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. अशा कामाच्या चिप बनवणारी कॅलिफोर्नियातली सिंटियंट २०१७ साली सुरू झाली आणि तिच्यात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन या तिघांच्या गुंतवणूक शाखांनी पैसे घातले. अत्यल्प विजेवर चालणाऱ्या चिप बनवणारी अँबिक जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात २४ डॉलर भावाने नोंदली गेली. मार्च २०२५ मध्ये अॅमेझॉनने इको उपकरणांवरची 'माझा आवाज क्लाउडला पाठवू नका' ही सोय काढून घेतली, तेव्हापासून घरातला आवाज घरातच राहावा असे वाटणारा ग्राहकही आयता पुढे आला आहे.

पैसा येणार हे दिसते आहे. तो कशाच्या जोरावर दिला जातो, याची मात्र आम्हाला काळजी वाटते. शांत, वातानुकूलित खोलीत कंपनीचाच माणूस उपकरणापासून दोन फुटांवर उभा राहतो, 'लाइट ऑन' म्हणतो, दिवा लागतो आणि चर्चा थेट मूल्यांकनाकडे वळते. अशा प्रात्यक्षिकातून उत्पादन चालेल की नाही हे कळत नाही. आमची विनंती अशी की चेक लिहिण्याआधी दोन गोष्टी मोजून घ्या: अख्ख्या बोर्डाची (चिप, माइक वगैरे सगळे भाग बसवलेल्या सर्किटची) सरासरी वीज, आणि मराठी बोलणाऱ्या गजबजलेल्या घरात दर तासाला होणारे फॉल्स ट्रिगर, म्हणजे कुणी आज्ञा न देता उपकरणाने चुकून प्रतिसाद देणे. आणि या मोजमापाचा खर्च गुंतवणुकीचाच भाग समजा.

आधी विजेचे बघू. सिंटियंटने आपल्या पहिल्या चिपसाठी १४० मायक्रोवॅटपेक्षा कमी असा आकडा जाहीर केला होता. चिपपुरता तो आकडा उत्तम आहे. दोन पेन्सिल सेलमध्ये मिळून साधारण ६ वॅट-तास ऊर्जा असते. १४० मायक्रोवॅटने ती ४२ हजारांहून जास्त तास पुरते, म्हणजे जवळपास पाच वर्षे. सादरीकरणात हीच पाच वर्षे दाखवली जातात. पण चिपला ऐकायला माइक लागतो. नेहमीचा डिजिटल मेम्स माइक (चिपसारखा सिलिकॉनवर घडवलेला इवलासा माइक) पूर्ण क्षमतेवर एक मिलिवॅटच्या वर खातो आणि क्लॉक (चालण्याचा वेग) कमी करून लो-पॉवर मोडमध्ये ठेवला तरी अर्धा मिलिवॅट घेतोच. म्हणजे चिपचे १४० आणि माइकचे ५०० मिळून ६४० मायक्रोवॅट. पाच वर्षांचे एक वर्ष झाले, आणि अजून व्होल्टेज रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग), मेमरी आणि रेडिओ (ब्लूटूथसारखा बिनतारी भाग) धरलेलेच नाहीत. सिंटियंटने २०२४ मध्ये नोल्स कंपनीचा ग्राहकोपयोगी मेम्स माइकचा व्यवसाय १५ कोटी डॉलरला घेण्याचा करार केला. मेंदू बनवणाऱ्या कंपनीने कान बनवणारा कारखाना का घेतला, याचे एक कारण आमच्या मते या बेरजेत आहे.

रेग्युलेटरकडे तर कुणी बघतच नाही. स्वस्त डेव्हलपमेंट बोर्डांवर सर्रास दिसणारा एएमएस १११७ काहीही काम न करता सुमारे ५ मिलिअँपियर पितो. २५०० मिलिअँपियर-तासांची बॅटरी एवढ्या एका प्रवाहाने ५०० तासांत, म्हणजे तीन आठवड्यांत, बसते. शेजारचा लाल पॉवर एलईडी आणखी एखाद-दोन मिलिअँपियर घेतो. म्हणून 'हा प्रोटोटाइप आहे, वीज नंतर कमी करू' हे उत्तर ऐकून सोडून देऊ नका. कमी करता येते हे खरे, पण त्यासाठी रेग्युलेटर, माइक आणि क्लॉकची सगळी रचना बदलावी लागते. ते नवे बोर्ड असते, आणि नव्या बोर्डाला नवा वेळ आणि नवा पैसा लागतो.

मोजायचे कसे? बॅटरीच्या वायरमध्ये मालिकेत प्रवाह नोंदवणारे यंत्र लावा. नॉर्डिकचे पॉवर प्रोफायलर किट किंवा जूलस्कोप यांपैकी काहीही चालेल. साधा मल्टिमीटर चालणार नाही, कारण प्रवाह काही मायक्रोअँपियरपासून दहा-वीस मिलिअँपियरपर्यंत क्षणात उड्या मारतो आणि मल्टिमीटर त्यातले निम्मे गाळतो. नोंद पूर्ण २४ तासांची घ्या, यूएसबी आणि डीबगर (प्रोग्राम तपासायला जोडलेले यंत्र) काढून घ्या, आणि खोलीत खरा गोंगाट चालू ठेवा.

गोंगाटाचा आग्रह का, ते सांगतो. ही यंत्रणा बहुतेक वेळा टप्प्यांनी चालते. पहिला टप्पा नुसता 'काहीतरी आवाज आला का' एवढेच बघतो. त्याला २० मायक्रोवॅट पुरतात. आवाज आला की दुसरा टप्पा जागा होऊन वेक वर्ड, म्हणजे उपकरणाला जागे करणारी ठरलेली हाक, शोधतो, त्याला समजा २ मिलिवॅट लागतात. शांत घरात दुसरा टप्पा दिवसातून १० टक्के वेळच जागा असेल, तर सरासरी अशी: माइक ५००, पहिला टप्पा २०, दुसऱ्याचे २००, एकूण ७२० मायक्रोवॅट. दोन पेन्सिल सेलवर सुमारे साडेअकरा महिने. आता तेच उपकरण अशा स्वयंपाकघरात ठेवा जिथे पंखा पाचवर आहे, टीव्हीवर मालिका चालू आहे आणि खिडकीबाहेर रस्ता आहे. दुसरा टप्पा कधी झोपतच नाही. सरासरी अडीच मिलिवॅटवर जाते आणि सेल सव्वातीन महिन्यांत संपतात. उपकरण तेच, सेल तेच. कंपनीने दिलेला आकडा खोटा नव्हता, तो फक्त शांत घराचा होता. आपल्याकडे असे घर किती जणांचे असते?

बटन सेलवर चालणाऱ्या रिमोटचे प्रस्तावही येतात. सीआर २०३२ मध्ये साधारण २२५ मिलिअँपियर-तास असतात. १ मिलिवॅट सरासरीने तो २८ दिवस जातो. त्याहून मोठी अडचण म्हणजे या सेलचा अंतर्गत रोध जास्त असतो आणि सेल उतरत जातो तसा तो वाढतो. ब्लूटूथ सुरू होताच १० ते १५ मिलिअँपियरचा झटका बसतो, व्होल्टेज खाली कोसळते आणि प्रोसेसर रीसेट होतो. ग्राहकाला दिसते ते एवढेच की 'हाक मारली की बंद पडते'. शेजारी शंभर मायक्रोफॅरडच्या आसपासचा, कमी गळतीचा कपॅसिटर लावला तर बरेचदा निभावते. तो कपॅसिटर बोर्डावर आहे का, आणि सेल निम्मा उतरल्यावर चाचणी केली का, हे दोन प्रश्न विचाराच.

आता फॉल्स ट्रिगर. बहुतेक कंपन्या '९५ टक्के अचूकता' सांगतात. ही अचूकता कशावर मोजलेली असते, ते बघा. या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरला जाणारा ध्वनिमुद्रणांचा संच म्हणजे गूगलचा स्पीच कमांड्स. तो पहिल्यांदा २०१७ मध्ये आला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत २,६१८ लोकांनी उच्चारलेले ३५ इंग्रजी शब्द आणि एकूण १,०५,८२९ तुकडे आहेत, प्रत्येक एक सेकंदाचा. तुकडा द्यायचा, शब्द कोणता ते विचारायचे, अशी ती परीक्षा. प्रत्यक्षात उपकरणाला कुणी तुकडे कापून देत नाही. ते सेकंदाला पाच वेळा स्वतःला विचारते की आत्ता शब्द आला का. तासाला १८,००० वेळा. यातल्या हजारात एकाच उत्तराला चूक झाली तरी तासाला १८ वेळा घरातला पंखा आपोआप सुरू होईल. ९९.९ टक्के अचूकताही इथे अपुरी पडते, म्हणून 'टक्के' हे मापच बाजूला ठेवा आणि 'दर तासाला किती' हे विचारा.

त्यातही एक मेख आहे. 'आम्ही २४ तास ऐकवले, एकही चूक नाही' असे उत्तर आले तर त्याचा अर्थ काय? संख्याशास्त्रातला साधा नियम असा की शून्य चुका दिसल्या तर ९५ टक्के खात्रीने चुकांचा दर जास्तीत जास्त ३ भागिले तास इतका असू शकतो. २४ तासांत शून्य म्हणजे 'आठ तासांत एकापेक्षा जास्त नाही' एवढेच सिद्ध झाले. 'दिवसाला एकापेक्षा कमी' असा दावा असेल तर ७२ तास सलग, एकही चूक न होता जायला हवेत. ते ७२ तास कंपनीने आधी कधी न ऐकलेल्या मराठी आवाजाचे असावेत: मालिका, बातम्या, कीर्तन, क्रिकेटचे समालोचन, चार माणसांचे एकाच वेळी बोलणे. मॉडेल (शब्द ओळखणारा, उदाहरणांवरून शिकवलेला प्रोग्राम) शिकवताना वापरलेलेच ध्वनिमुद्रण चाचणीत पुन्हा आले तर निकालाला काही किंमत उरत नाही, त्यामुळे हा संच तुम्ही स्वतः निवडा आणि कंपनीला आधी देऊ नका.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागातल्या कंपन्यांचा खरा फायदा आणि खरी परीक्षा इथेच आहे. 'चालू', 'बंद' हे शब्द घरात दिवसभर सहज बोलले जातात. 'तो टीव्ही बंद कर आधी' हे वाक्य उपकरणासाठी नसते. म्हणून आज्ञा नेहमी वेक वर्डच्या मागोमाग, दोन-तीन सेकंदांच्या आतच ग्राह्य धरावी, आणि वेक वर्ड किमान तीन-चार अक्षरांचा, वेगवेगळ्या स्वरांचा असावा. आज्ञेत 'ळ' शक्यतो टाळावा. वऱ्हाडात 'काळा'चा 'काया' होतो, तसाच 'हळू'चा 'हयू' होतो, आणि पुण्यातल्या तीस जणांच्या आवाजावर शिकवलेले मॉडेल अकोल्यात गप्प बसते. लोक एकाच तऱ्हेने बोलतही नाहीत: 'पंखा लाव', 'पंखा लावा', 'फॅन लाव ना', 'फॅन ऑन कर', 'जरा पंखा लाव गं'. यातली कोणती रूपे चालतात, हे कंपनीने लिहून दिलेले असावे. 'मोटार चालू कर' आणि 'मोटार बंद कर' यांत पहिला आणि शेवटचा शब्द सारखाच. फरक मधल्या शब्दाचा, आणि विहिरीवरच्या वाऱ्यात नेमका तोच विरतो. शेतीपंपासारख्या ठिकाणी, जिथे चूक महागात पडते किंवा जिवावर बेतू शकते, तिथे चालू करण्यासाठी दुसऱ्यांदा होकार घेतलाच पाहिजे, आणि वीज जाऊन आल्यावर उपकरण 'बंद' अवस्थेतच उठले पाहिजे. या दोन्ही गोष्टी फर्मवेअरमध्ये (उपकरणातल्या प्रोग्राममध्ये) काही ओळींत होतात.

मराठी ध्वनिमुद्रणे अजिबात नाहीत असे नाही. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या संशोधन गटाने केलेला इंडिकव्हॉइसेस हा संच २२ अनुसूचित भाषांचा आहे आणि त्यात मराठी आहे. बंगळुरूची आयआयएससी आणि गूगल यांचा वाणी प्रकल्प जिल्हावार बोली गोळा करतो. वापराचा परवाना तपासून यातले सहज बोलणे 'हा वेक वर्ड नव्हे' असे मॉडेलला शिकवायला फार उपयोगी पडते. पण अशा संचांतले बहुतेक बोलणे तोंडाजवळ धरलेल्या फोनचे असते. तुमचे उपकरण भिंतीवर असते, चार मीटरवर, आणि मधे पंखा फिरत असतो. ही दरी भरायला स्वतःची ध्वनिमुद्रणे लागतात. साधारण तीनशे माणसे, निम्म्या बायका, काही मुले आणि काही सत्तरीपुढची माणसे, किमान पाच-सहा जिल्ह्यांतली. प्रत्येकाकडून प्रत्येक आज्ञा अर्धा, दोन आणि चार मीटरवरून, शांततेत आणि मिक्सर, कुकर, टीव्हीच्या आवाजात. मुद्रण उत्पादनात जाणाऱ्याच माइकने, उत्पादनाच्याच डब्यात बसवून करायचे. माणसांची संख्या आज्ञांच्या संख्येपेक्षा महत्त्वाची. पाच जणांच्या दोन हजार आज्ञांपेक्षा दोनशे जणांच्या पाचपाच आज्ञा पुष्कळ जास्त शिकवतात. आमच्या मते बीज भांडवलाचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे, आणि नेमका याच खर्चावर सर्वांत आधी कात्री चालते.

डब्याचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मेम्स माइकचे छिद्र बरेचदा बोर्डाच्या खालच्या बाजूने उघडते. त्याच्यासमोर डब्याला जेमतेम एक मिलिमीटरचे छिद्र आणि मधे मऊ रबरी गॅस्केट असते. गॅस्केट नीट दाबले गेले नाही की आवाज डब्याच्या आत शिरून फिरतो, 'स' आणि 'श' यांसारखे उंच पट्टीचे ध्वनी पुसट होतात आणि ओळख घसरते. मॉडेलमध्ये दोष शोधत महिने जातात आणि चूक अर्ध्या मिलिमीटरच्या रबरात असते. सोल्डरिंगनंतर बोर्ड धुतला, किंवा साफ करायला छिद्रावर कॉम्प्रेस्ड हवा मारली, तर माइकचा पडदा जातो. छोट्या असेंब्ली युनिटला हे लेखी कळवलेले असावे. छिद्रावर जाळी नसेल तर आपल्या धुळीत आणि फोडणीच्या तेलकट वाफेत माइक वर्षभरात बहिरा व्हायला लागतो. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगाला स्पीकरवरून ठरलेला स्वर ऐकवून माइकची पातळी तपासणारी जिग आहे का, हे बघायला प्रत्यक्ष असेंब्लीच्या जागी जा.

तांत्रिक तपासणीसाठी तुम्ही कुणाला नेमत असाल तर त्याला एक चाचणी जरूर करायला सांगा. मॉडेल थेट आवाज ऐकत नाही. एका सेकंदाचे १६,००० नमुने आधी ३० मिलिसेकंदांच्या खिडक्यांत, २० मिलिसेकंदांच्या पावलाने कापले जातात. त्यातून ४९ ओळी आणि प्रत्येक ओळीत ४० आकडे, असे १,९६० आकडे बनतात आणि तेच मॉडेलला दिले जातात. शिकवताना हे आकडे संगणकावर दशांश गणिताने काढतात, चिपवर ते पूर्णांकांत काढले जातात. दोन्हींत गोलाई, लॉगरिदमची पट्टी किंवा माइकचा गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) जरा जरी वेगळा असला तरी संगणकावर उत्तम चालणारे मॉडेल चिपवर ढेपाळते. एकच ध्वनिफाईल दोन्हीकडून काढून ते १,९६० आकडे समोरासमोर ठेवायला सांगा. ज्यांनी हे केलेले असते ते पाच मिनिटांत दाखवतात.

स्वतःची चिप बनवण्याच्या प्रस्तावांबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: पहिल्या फेरीत नको. एमएलपर्फ टायनी या सर्वमान्य चाचणीतले शब्द ओळखणारे मॉडेल जेमतेम ५० किलोबाइटचे आहे. ते बाजारात मिळणाऱ्या साध्या कॉर्टेक्स-एम ४ प्रोसेसरवर आरामात मावते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेच्या वेगा मालिकेतल्या तेजस ३२ या चिपमध्ये २५६ किलोबाइट मेमरी आहे, तिथेही जागेची अडचण येऊ नये; वीज मात्र मोजूनच ठरवावी. भिंतीवरच्या स्विचबोर्डाला घरचीच वीज असते, तिथे ईएसपी ३२-एस ३ सारखी जास्त खाणारी पण स्वस्त चिप पुरते आणि मायक्रोवॅटचा आग्रह निरर्थक आहे. आधी उत्पादन विकले जाऊ द्या, कुठे किती मायक्रोवॅट वाचवायला हवेत ते आकड्यांत दिसू द्या. मग चिप काढायची ठरली तर सरकारी मदत बघा: केंद्राच्या २०२१ च्या डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह योजनेत पात्र खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत, एका अर्जाला कमाल १५ कोटी रुपये परत मिळण्याची तरतूद होती, आणि तिची नोडल संस्था सी-डॅकच होती; अर्ज सध्या घेतात का, ते आधी तपासा.

हप्त्यांबद्दलही सुचवतो. पहिला हप्ता तीनशे माणसांच्या मुद्रणाला, ७२ तासांच्या चाचणीला आणि खऱ्या माइक-रेग्युलेटरच्या बोर्डाला द्या. दुसरा हप्ता पाचशे नग तीन ऋतू घराघरांत चालवून बघण्यासाठी: उन्हाळ्यात पंखे, पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस, दिवाळीत फटाके. मार्केटिंगचा पैसा त्यानंतर. यात दीड-दोन वर्षे जातील, हे करारातच धरा. उपकरणातच आवाज ओळखण्यावर काम करणारी पॅरिसची स्निप्स २०१३ साली सुरू झाली, स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने ती २०१९ मध्ये विकत घेतली आणि सोनोसची उपकरणातच चालणारी आवाजी आज्ञांची सोय लोकांच्या हाती आली ती २०२२ च्या जूनमध्ये. सहा महिन्यांत विक्री दाखवायची अट घातली तर संस्थापक चाचणीचे तास कापतील आणि त्याचे परिणाम ग्राहकाच्या घरी दिसतील.

एक कलम करारात आमच्यासाठी नव्हे, बोलणाऱ्यांसाठी घाला. माणसाचा आवाज हा २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याखालचा वैयक्तिक डेटा आहे. मुद्रण देणाऱ्या प्रत्येकाची त्याला समजेल अशा मराठीत संमती घ्या, मोबदला त्याच दिवशी द्या, आणि त्याने पुढे नाही म्हटले तर त्याच्या फाइल शोधून काढता येतील असा क्रमांक प्रत्येक फाइलला द्या. कंपनी विकली गेली किंवा बुडाली तर या मुद्रणांचे काय होणार, तेही लिहून ठेवा. पैसे देताना तुम्ही घातलेली अट संस्थापक पाळतात. नंतर सुचवलेली कुणी पाळत नाही.

वर सांगितलेल्या चाचण्यांचा मसुदा, जिगची मापे आणि संमतीपत्राचा मराठी नमुना आम्ही कोणत्याही गुंतवणूकदाराला किंवा स्टार्टअपला विनामूल्य द्यायला तयार आहोत. तपासणीच्या दिवशी यंत्र घेऊन हजर राहायचीही तयारी आहे.

आपले,
एम्बेडेड ध्वनी-प्रणालींवर काम करणारे काही अभियंते, पुणे